पॅरिसची जागती रात्र आणि रविवारची गाडी

या आठवड्यात सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र निवडले आहे. जागेअभावी ते थोडे आटोपशीर करून देत आहे.

“मी गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. माझे वय ५९, ह्यांचे ६५. ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर नियंत्रणात आहे. माझा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. मुलगी स्टुटगार्टला असते. येत्या जूनमध्ये तिच्याकडे जाताना आधी पॅरिस पाहायचे ठरले आहे. गुरुवारी संध्याकाळी आम्ही मुंबईहून पॅरिसला पोहोचू आणि रविवारी सकाळच्या गाडीने पुढे निघू. गाडीचे तिकीट मुलगी या आठवड्यात काढणार आहे. हॉटेल ‘गार द लेस्त’ स्थानकाजवळ घेतले आहे. मधल्या शनिवारी तिथे रात्रभर चालणारा कलेचा उत्सव असतो, सगळे मोफत असते, असे मुलीने परवा सांगितले आणि ‘आई, जाच’ म्हणाली. ह्यांचे म्हणणे असे, की झोप मोडून रस्त्यावर भटकायला आपण एवढा खर्च करून जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रवास असताना असले धाडस या वयात करू नये. मला मात्र जावेसे वाटते. कॉलेजात असताना पुण्याला ‘सवाई’ला आम्ही मैत्रिणी रात्र-रात्र बसत होतो. त्यानंतर मी जी जागरणे केली ती मुलांच्या आजारपणात, सासूबाईंच्या उशाशी, नाहीतर गौरीच्या स्वयंपाकासाठी. भाषा येत नाही, आधुनिक कलेतले काही कळत नाही, तरी जावेसे वाटते. जावे का? आणि हे आले नाहीत तर मी एकटीने जावे का?”

ताई,

तुम्ही जावे, असे माझे मत आहे. मात्र रात्रभर थांबू नये, आणि रविवारची गाडी सकाळची घेऊ नये. या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

या उत्सवाचे नाव ‘न्युई ब्लांश’. शब्दशः अर्थ ‘पांढरी रात्र’. फ्रेंच माणूस डोळ्याला डोळा न लागलेल्या रात्रीला असे म्हणतो. ५ ऑक्टोबर २००२ च्या रात्री पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा झाला, तेव्हा बेर्त्रां देलानोए महापौर होते. एरवी रात्री कुलूपबंद असणाऱ्या इमारती उघडाव्यात, आजच्या काळातल्या कलावंतांनी त्यांत आणि रस्त्यांवर काही घडवावे, आणि ते तिकीट न काढता कोणालाही पाहता यावे, एवढी साधी त्यामागची कल्पना होती. त्या पहिल्या रात्री राष्ट्रीय ग्रंथालयाच्या एका उंच मनोऱ्याच्या शेकडो खिडक्या दिव्यांनी अशा उजळल्या, की सगळी इमारतच एक पडदा झाली आणि खाली उभे असलेले लोक आपापल्या मोबाइलवरून तिच्यावर खेळ खेळू लागले. त्याच रात्री सोफी काल ही कलावती आयफेल मनोऱ्याच्या माथ्यावर पलंग टाकून पहुडली होती आणि आपल्याला जागे ठेवण्यासाठी अनोळखी लोकांनी एकेक करून आत यावे, पाच मिनिटांत एखादी गोष्ट सांगावी आणि जावे, असे तिने सुचवले होते. ही कल्पना पुढे कितीतरी शहरांनी उचलली. रोममध्ये २००३ पासून, टोरांटोमध्ये २००६ पासून अशा रात्री होऊ लागल्या. पॅरिसचा उत्सव बरीच वर्षे ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी होत असे. २०२३ मध्ये तो जूनच्या पहिल्या शनिवारी आला, आणि म्हणूनच तो तुमच्या वाटेत आला आहे.

आता तो पाहायचा कसा, हे सांगतो, कारण जावे की नाही याचा निर्णय बराचसा त्यावरच अवलंबून आहे. तुम्ही ‘सवाई’ची आठवण काढलीत. मी तुम्हाला पुण्याचीच, पण वेगळी आठवण काढायला सांगेन: गणपतीतले देखावे पाहायला आपण पेठांतून हिंडतो ती रात्र. तिकीट नाही, बसायला जागा नाही, एक मंडळ पाहून दुसऱ्याकडे चालत जायचे, एका ठिकाणी गर्दीत चेंगरून निघायचे आणि हाती फारसे काही लागायचे नाही, तर पुढच्याच बोळात कोणी केलेले साधेसे काही पाहून पाय थबकायचे. न्युई ब्लांश अशी चालण्याची रात्र आहे. ‘सवाई’ला तुम्ही सतरंजीवर बसत होतात, खांद्यावर शाल होती, पाय दुखले तर मांडी मोडता येत होती. इथे पायांवर उभे राहून पाहायचे आहे, आणि तुमच्या गुडघ्याचा विचार जागरणापेक्षा या कारणासाठी आधी करायला हवा.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. आपल्याकडच्या रात्रभराच्या कार्यक्रमांना चढण असते. तमाशात गण, गवळण, बतावणी होऊन मग वग रंगतो. दशावतारी नाटकाचे आख्यान पहाटेकडे सरकत जाते. आणि ‘सवाई’त तर रात्रीच्या रागांमागून पहाटेचे राग येत, मोठी नावे उशिरा येत, आणि शेवटी सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीने सांगता होई. मधेच उठून जाणारा माणूस खरोखरच काहीतरी गमावत असे. म्हणून ध्वनिक्षेपकांच्या रात्री दहाच्या मर्यादेने त्या बैठकी संपल्या तेव्हा तुमच्या पिढीच्या श्रोत्यांना इतके लागले, आणि ते योग्यच होते. पॅरिसच्या या रात्रीला अशी चढण नाही. भिंतीवर पडलेला प्रकाश अकराला जसा असतो तसाच तीनला असतो. नृत्य किंवा वादन ठरावीक वेळी असेल तर त्याची वेळ कार्यक्रमपत्रिकेत दिलेली असते, बाकी सारे एकाच वेळी शहरभर मांडलेले असते आणि कोणीही ते पुरते पाहू शकत नाही. शिवाय सगळ्याच जागा पहाटेपर्यंत उघड्या नसतात. प्रत्येक जागेची बंद होण्याची वेळ निराळी असते. तेव्हा रात्री साडेबाराला परत फिरलात तर पहाट हुकल्याची रुखरुख बाळगण्याचे कारण नाही. ‘रात्रभर’ हा शब्द शहराने स्वतःसाठी घेतलेला नेम आहे. तुमच्या यजमानांना खटकलेले बहुतेक सारे त्या एका शब्दात आहे, आणि तो बाजूला केला तर तुमच्या दोघांच्या म्हणण्यात फारसे अंतर उरत नाही, असे मला वाटते.

वेळेचे गणित आता नीट मांडू. जूनच्या सुरुवातीला सांगलीत सातच्या सुमारास दिवस मावळतो. पॅरिसमध्ये तो रात्री पावणेदहानंतर मावळतो, आणि आकाश खऱ्या अर्थाने काळे व्हायला साडेदहा वाजून जातात. प्रकाशावर आधारलेले काहीही त्याआधी पाहण्यात अर्थ नाही. याउलट सूर्योदय सहाच्या जरा आधी होतो आणि पाचपासून उजाडू लागते, म्हणजे गडद रात्र मोजकीच असते. ऑक्टोबरातल्या जुन्या उत्सवात संध्याकाळी आठलाच अंधार असे आणि वयस्क मंडळी अकरापर्यंत तीन तास पाहून घरी जाऊ शकत. जूनने ती सोय काढून घेतली आहे. हवा मात्र आता पुष्कळ बरी असते.

याला तुमच्या शरीराचे घड्याळ जोडा. त्या काळात मुंबई पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असते. तुम्ही गुरुवारी पोहोचणार. शनिवारपर्यंत शरीर थोडे जुळवून घेईल, पुरते नाही. पॅरिसचे रात्रीचे अकरा म्हणजे सांगलीचे पहाटेचे अडीच, आणि पॅरिसचे पहाटेचे तीन म्हणजे सांगलीचे साडेसहा, तुमच्या रोजच्या चहाची वेळ. त्यामुळे एक मोह होतो: लवकर झोपावे, अडीचला उठावे आणि काकडआरतीला निघाल्यासारखे ताजेतवाने होऊन पहाटेचा भाग पाहावा. मी या पर्यायाचा बराच विचार केला आणि तुमच्यासाठी तो बाजूला ठेवला. शनिवारी रात्री मेट्रो सव्वादोनच्या सुमारास थांबते आणि साडेपाचच्या आसपास पुन्हा सुरू होते. काही वर्षी या उत्सवासाठी निवडक मार्ग रात्रभर चालवले गेले आहेत, पण त्यावर आधीपासून विसंबता येत नाही. तेव्हा नेमक्या त्या वेळात तुम्ही भाषा न येणाऱ्या शहरात गर्दी ओसरलेल्या रस्त्यावर असाल, आणि उघड्या राहिलेल्या जागाही थोड्या असतील. गुडघा उत्तम असलेल्या, शहराची माहिती असलेल्या माणसाला ही पहाट फार सुंदर वाटेल. पहिल्या भेटीत तिच्या वाटेला जाऊ नका.

म्हणजे तुमच्या हातात रात्री सव्वादहा ते साडेबारा-एक इतका वेळ आहे. तो नीट मिळावा यासाठी शनिवारची दुपार मोकळी सोडावी लागेल. या उत्सवाची खरी किंमत ही आहे, आणि ती मोजायची तयारी नसेल तर जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. सकाळी लूव्र, दुपारी मॉंमार्त्रच्या पायऱ्या, संध्याकाळी सेनवरची नौका आणि रात्री हा उत्सव, असा दिवस आखलात तर यजमानांचे भाकीत खरे ठरेल. साडेदहाला तुम्ही दोघे पाय ओढत चालत असाल आणि एकमेकांवर चिडलेले असाल. शनिवारी सकाळी एकच काहीतरी पाहा, दुपारी जेवून हॉटेलवर या, पडदे ओढा आणि तीन ते सहा चांगली झोप घ्या. आठच्या सुमारास जेवा.

जेवणाचा विषय आलाच आहे तर मधुमेहाबद्दल. यजमानांच्या गोळ्यांच्या वेळा प्रवासामुळे तशाही हलणार आहेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना साडेतीन तासांचा फरक आणि शनिवारचे उशिराचे चालणे, दोन्ही सांगून वेळा लिहूनच घ्या. रात्री जास्त चालल्याने साखर उतरू शकते. खिशात बिस्किटे आणि ग्लुकोज असू द्या, पाण्याची बाटली असू द्या, आणि घाम किंवा थरथर जाणवली तर ‘अजून एवढे पाहून घेऊ’ असे म्हणत पुढे जाऊ नका. डॉक्टर नको म्हणाले तर प्रश्न तिथेच मिटला.

आता रविवारची गाडी. पॅरिसहून स्टुटगार्टला गाडी तीन-सव्वातीन तासांत पोहोचते आणि दिवसातून अशा अनेक गाड्या असतात. मग सकाळचीच कशाला? मुलीला आजच कळवा, की तिकीट दुपारचे काढ. स्वस्त तिकिटे बऱ्याचदा बदलता येत नाहीत, म्हणून हा निर्णय तिकीट काढण्याआधी व्हायला हवा. दुपारची गाडी घेतलीत की रात्री दीडला झोपूनही साडेनऊपर्यंत आठ तास झोप मिळते, आणि यजमानांचा ‘दुसऱ्या दिवशी प्रवास आहे’ हा आक्षेप, जो माझ्या मते त्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, बराचसा निवतो. हॉटेलची खोली साधारण अकरा-बाराला सोडावी लागते. ती तासभर उशिरा सोडता येईल का, हे पोहोचल्या दिवशीच विचारा, नाहीतर सामान त्यांच्याकडे ठेवून जवळच बसा. हॉटेल स्थानकापाशी घेतल्याचा फायदा त्या दिवशी कळेल. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा: त्या मार्गावरच्या काही गाड्या स्टुटगार्टला न संपता पुढे म्युनिकपर्यंत जातात, तेव्हा गाडीत डुलकी काढणार असाल तर गजर लावून काढा.

काय पाहावे, याची नावे मी देऊ शकत नाही, कारण दरवर्षी कलावंत आणि जागा बदलतात. उत्सव जवळ आला की पॅरिस महापालिकेच्या संकेतस्थळावर नकाशा आणि वेळापत्रक येते. ते मुलीकडून बघून घ्या आणि फक्त तीन जागा निवडा. माझी विनंती आहे, की तीनच. काही वर्षांपूर्वी, उत्सव अजून ऑक्टोबरात होता तेव्हा, मी चौदा जागांवर खुणा करून बाहेर पडलो होतो. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या जागेसाठी दीड तास रांगेत उभा राहिलो, आत पाच मिनिटे मिळाली, आणि बाहेर आल्यावर उरलेल्या जागांच्या मागे धावण्यात पुढची रात्र गेली. आज मला त्या रात्रीतले जे आठवते ते यादीत नव्हतेच: एका चर्चमध्ये पाय टेकायला म्हणून बसलो आणि अंधारात ऑर्गन वाजत होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो, की रांग अर्ध्या तासाहून मोठी दिसली तर पुढे चालायचे. तुमच्यासाठी ती मर्यादा मी वीस मिनिटांवर आणतो.

निवडताना तीन जागा एकाच पट्ट्यात असतील असे पाहा. तुमच्या हॉटेलच्या दृष्टीने नगरभवन, म्हणजे ‘ओतेल द व्हील’, ते शातले, ले आल आणि तिथून गार द लेस्त हा पट्टा सोयीचा आहे. नगरभवन आणि त्याच्या समोरचे मोठे पटांगण या उत्सवाचे जुने ठिकाण आहे. ले आलजवळच्या सांत-उस्ताश चर्चनेही यात अनेकदा भाग घेतला आहे. त्या चर्चमध्ये त्या वर्षी काही असेल तर ते नक्की निवडा, कारण तिथे बसायला मिळते आणि गुडघ्याला विसावा मिळतो. या दोन जागांमध्ये सुमारे एक किलोमीटरचे अंतर आहे. तिसरी जागा तुमच्या हॉटेलपासून जवळ असलेल्या सां-मार्तां कालव्याच्या बाजूला मिळाली तर उत्तम, म्हणजे पाहता पाहता घराकडे सरकता येईल. जाताना मेट्रोने जा: गार द लेस्तहून चार क्रमांकाच्या मार्गाने शातलेपर्यंत गाडी न बदलता पोहोचता येते. मात्र मेट्रोला जिने पुष्कळ, आणि तुमचा त्रास उतरण्याचा आहे. तेव्हा कठडा धरून, गर्दी पुढे जाऊ देऊन उतरा.

परतीचा विचार मी मुद्दाम सविस्तर करतो, कारण अशा रात्रींत लोकांचे हाल होतात ते परतताना. रोमची पहिलीच अशी रात्र, २७ सप्टेंबर २००३ ची, पावसात चालू होती. पहाटे साडेतीनच्या सुमारास जवळजवळ सगळ्या इटलीचा वीजपुरवठा बंद पडला. आगगाड्या थांबल्या, मेट्रो थांबली आणि उत्सवाला आलेले असंख्य लोक भिजत अंधारात अडकले. असे पुन्हा घडेल असे मी म्हणत नाही. पण परतीची वाट फोन आणि वीज यांच्याशिवायही आपल्याला ठाऊक असावी, एवढा धडा मी त्यातून घेतला. तुमच्या बाबतीत ती वाट सुदैवाने फार सोपी आहे. शातलेहून सेबास्तोपोल हा रुंद रस्ता उत्तरेला सरळ निघतो, पुढे त्याचेच नाव स्त्रासबुर होते, आणि तो थेट गार द लेस्त स्थानकाच्या दारात संपतो. दोन-सव्वादोन किलोमीटर, एकही वळण नाही. शनिवारी दिवसाउजेडी किंवा शुक्रवारी संध्याकाळी एकदा हा रस्ता बघून ठेवा. रात्री चालायची वेळ आली तर मोठ्या रस्त्यावरूनच चाला, आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरू नका. चालवत नसेल तर साडेबाराची मेट्रो धरा, आणि तीही हुकली तर नॉक्टिलियां नावाच्या रात्रीच्या बसगाड्या आहेत, त्यांच्या मुख्य थांब्यांत शातले आणि गार द लेस्त दोन्ही येतात. टॅक्सीवर विसंबू नका. त्या रात्री सगळ्यांनाच ती हवी असते.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण भाषा येत नाही या वाक्यामागे ती काळजी मला दिसते. पहिल्याच वर्षी, नगरभवन लोकांसाठी खुले असताना, तिथे महापौर देलानोए यांच्यावर चाकूहल्ला झाला होता. ते बरे झाले, २०१४ पर्यंत महापौर राहिले, आणि उत्सवही दरवर्षीच्या क्रमात रुजला. हे लपवण्यात अर्थ नाही, तसेच तुम्ही त्याने घाबरून जाण्याचेही कारण नाही. तुमच्या पातळीवरचा खरा धोका खिसेकापूंचा आहे, आणि तो मेट्रोच्या दारात आणि रांगेच्या रेट्यात असतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, त्याची छायाप्रत जवळ बाळगा. मंगळसूत्र आणि बांगड्या त्या रात्री घालू नका. पर्स समोर, चेन लावलेली. हॉटेलचे नाव, पत्ता आणि मुलीचा फोन नंबर दोघांच्याही खिशात कागदावर लिहिलेला असू द्या. संकटात ११२ हा क्रमांक युरोपात सगळीकडे चालतो. आणि जी गोष्ट प्रवासाच्या माहितीत कोणी बायकांना सांगत नाही ती सांगतो: पॅरिसच्या रस्त्यांवर मोफत स्वच्छतागृहे आहेत, पण त्यातली बरीच रात्री दहाला बंद होतात. तेव्हा हॉटेलवरून जाऊन निघा, आणि मधे एकदा एखाद्या उघड्या कॅफेत कॉफी घेऊन बसा; तिथली सोयही वापरता येते आणि पायांनाही आराम मिळतो. रात्री गारठा वाढतो. सांगलीच्या थंडीत घालता तेवढे जाकीट पुरेल, पण ते विसरू नका. बूट रोजच्या सवयीचे घाला, प्रवासासाठी घेतलेले नवे नकोत.

आधुनिक कलेतले कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तिथे हजारो लोकांना कळत नसते, आणि कोणी कोणाला विचारतही नाही. एका जागी दहा मिनिटे थांबा. काही वाटले तर आणखी थांबा, नाही वाटले तर चालू लागा. तुम्ही कॉलेजच्या वयात ‘सवाई’ला बसायला लागलात तेव्हा राग ओळखता येत होते का? माझी कल्पना अशी, की नव्हते. तुम्ही तरी बसलात, आणि कान तयार होत गेला. फलकावर इंग्रजी मजकूर असेलच असे नाही. मोबाइलवर भाषांतराची सोय असते, पण मी तुम्हाला आधी पाहायला आणि मग वाचायला सांगेन.

एकटीने जाण्याचा प्रश्न राहिला. यजमान आले नाहीत तर रात्री अकरा-साडेअकरापर्यंत, नगरभवनाच्या गर्दीच्या भागात, तुम्ही एकट्या जायला माझी हरकत नाही. पर्यटकांची आणि कुटुंबांची तिथे दाटी असते, आणि मेट्रोही चालू असते. त्यापुढे एकट्या थांबू नका, आणि परतीचा तो सरळ रस्ता रात्री एकट्याने चालू नका. मेट्रोनेच या आणि निघताना खोलीवर फोन करा. पण तसे करण्याआधी यजमानांना एकदा वेगळ्या तऱ्हेने विचारून पाहा. ‘रात्रभर जागायला येता का’ असे विचारलेत तर ते नाहीच म्हणतील. त्यांना सांगा, की दुपारी झोपायचे आहे, आठला जेवायचे आहे, तीन जागा पाहायच्या आहेत, साडेबाराची मेट्रो आहे, आणि रविवारी साडेनऊपर्यंत कोणी उठवणार नाही. आणि वाटेत त्यांनी ‘पुरे’ म्हटले की तुम्ही लगेच वळाल, असा शब्दही द्या, आणि तो पाळा.

पत्रातल्या तुमच्या जागरणांच्या यादीपाशी मी बराच वेळ थांबलो. आजारी मुले, सासूबाई, गौरीचा स्वयंपाक. तुम्ही त्याची तक्रार केलेली नाही, आणि मीही करत नाही. ती सगळी जागरणे आवश्यक होती. पण कोणाच्याही उशाशी नसलेली, कोणाच्याही पानावर वाढण्यासाठी नसलेली दोन-अडीच तासांची एक रात्र तुम्हाला चाळीस वर्षांनी हवीशी वाटते, हे कारण मला पुरेसे वाटते, आणि ते यजमानांनाही सांगा. त्यांना तुम्ही ते अजून सांगितलेले नसावे, असे पत्रावरून वाटते. मुलीला ‘आई, जाच’ म्हणावेसे वाटले, कारण तिला ते न सांगता कळले असेल.

तिला तिकिटाबद्दल मात्र आजच फोन करा. जूनच्या रविवारी दुपारच्या गाड्याही भरून जातात.